काढता येतो, म्हणून घातला

फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी कुणाला पत्ता लागू न देता पोटाची एक शस्त्रक्रिया करून घेतली. बातमी फुटायला मे महिना उजाडला. पन्नाशीतल्या या पुढाऱ्याच्या जठराभोवती सिलिकॉनचा बँड बसवला आहे असं कळल्यावर राजकीय पत्रकारांनी लगेच हिशेब मांडायला सुरुवात केली: हे बारीक होणं २०१६ च्या राष्ट्राध्यक्षपदासाठी तर नाही? ख्रिस्ती म्हणाले, पन्नाशी आली, मुलांकडे बघून हा निर्णय घेतला.

राजकारणापेक्षा लक्ष द्यावं अशी गोष्ट वेगळीच होती. ख्रिस्तींनी बँड घातला तेव्हा अमेरिकेतले सर्जन तो झपाट्याने सोडून देऊ लागले होते. तिथल्या बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०११ मध्ये देशात वजन कमी करण्याच्या सुमारे १ लाख ५८ हजार शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या ३५.४ टक्के बँडच्या होत्या. २०१९ मध्ये एकूण आकडा २ लाख ५६ हजारांवर गेला, बँडचा वाटा मात्र ०.९ टक्के उरला. आठ वर्षांत शंभरातल्या पस्तिसांवरून एकावर. सरकारने त्यावर बंदी घातलेली नव्हती, त्याची परवानगीही काढून घेतलेली नव्हती. उलट २०११ च्या फेब्रुवारीतच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो आणखी मोठ्या वर्गासाठी खुला केला होता.

एखादं उपकरण इतक्या शांतपणे इतक्या वेगाने मागे पडतं, तेव्हा ‘ते वाईट होतं’ एवढ्या उत्तरावर थांबता येत नाही. बँड वाईट बनवलेला नव्हता. त्याचा सगळ्यात मोठा गुण, ज्याच्या जोरावर तो खपला, तो म्हणजे तो सैल करता येतो, आवळता येतो आणि नकोच वाटला तर काढून टाकता येतो. या लेखाचं म्हणणं असं की त्याचा घात याच गुणाने केला. काढता येतं या एका आश्वासनावर रुग्णाने होकार सहज दिला, डॉक्टरने सल्ला सहज दिला आणि पुढची पंधरा-वीस वर्षं कोण सांभाळणार हा प्रश्न सगळ्यांनीच नंतरवर ढकलला.

बँडची रचना ऐकायला सोपी आहे. सिलिकॉनचं एक कडं, त्याच्या आतल्या बाजूला फुगणारी पिशवी. अन्ननलिका जिथे जठराला मिळते त्याच्या जरा खाली हे कडं गुंडाळायचं. वर जेमतेम दोन-चार चमचे अन्न मावेल एवढा जठराचा कप्पा उरतो, बाकीचं जठर खाली जसंच्या तसं. कड्यापासून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या स्नायूंवर, कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीपर्यंत येते. या डबीला पोर्ट म्हणतात. खास सुईने पोर्टमधून सलाईन भरलं की आतली पिशवी फुगते आणि कडं आवळतं, काढून घेतलं की सैल होतं. जठराला कात्री नाही, आतड्यांची जोडाजोड नाही.

ही कल्पना आली तिच्यामागे एक भीती होती, ती समजून घेतल्याशिवाय बँडचं आकर्षण कळत नाही. १९५० नंतरची दोन-अडीच दशकं वजन कमी करायला आतड्याचा मोठा भाग वगळून टाकणारी शस्त्रक्रिया करत. वजन भरपूर उतरे, पण कित्येकांची यकृतं निकामी झाली, मूतखडे झाले, जीवनसत्त्वांची कमतरता झाली, आणि अनेकांच्या शस्त्रक्रिया उलटवाव्या लागल्या. अमेरिकेतल्या आयोवात सर्जन एडवर्ड मेसन यांनी साठच्या दशकात जठराचा बायपास सुरू केला तो त्यामानाने सुरक्षित होता. तरी तोही मोठाच कारभार, पोट उघडून केलेला. अशा काळात न्यू जर्सीत काम करणाऱ्या, जन्माने युक्रेनियन असलेल्या लुबोमिर कुझमाक यांनी १९८६ मध्ये आवळता-सैल करता येणारा सिलिकॉनचा बँड माणसावर वापरला. स्वीडनमध्ये हालबेर्ग आणि फोर्सेल हेही त्याच सुमारास अशाच कल्पनेवर काम करत होते. म्हणजे ख्रिस्तींनी अंगावर घेतलेली वस्तू त्यांच्याच राज्यात जन्मलेली. पुढे १ सप्टेंबर १९९३ रोजी बेल्जियममधल्या उई या लहानशा गावी मितिकू बेलाच्यू या इथिओपियात जन्मलेल्या सर्जनने तो दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छिद्रांतून बसवून दाखवला. हे झालं आणि बँडला पंख फुटले. युरोप आणि ऑस्ट्रेलियाने तो उचलला, २००१ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली. त्यातला मृत्यूचा धोका दोन हजारांत एक एवढा खाली होता, बायपासपेक्षा कितीतरी कमी. दुसऱ्या दिवशी माणूस घरी.

एवढा कमी धोका आणि वर ‘पटलं नाही तर काढू’. कोण नाही म्हणेल?

आता बँड घालून घेतलेल्या माणसाचं रोजचं जगणं पाहायला हवं, कारण जाहिरातीत ते कधी आलं नाही. पहिल्या वर्षात त्याला पुन्हा पुन्हा दवाखान्यात जावं लागतं. थोडं सलाईन भरा, आठ-दहा दिवस खाऊन बघा, भूक लागते का बघा, पुन्हा भरा. सर्जन मंडळी याला रंगांची नावं देतात. पिवळ्यात भूक शमत नाही. हिरव्यात छोट्या जेवणावर तृप्ती होते. तांबड्यात घास अडकतो, रात्री झोपेत आंबट पाणी वर येतं. प्रत्येकाचा हिरवा वेगळा आणि तोही ताणतणावात, आजारपणात, वजन उतरेल तसा सरकतो. घास मटारएवढा हवा, तो बारीक चावायला हवा, दोन घासांत अंतर हवं. मऊ ब्रेड, भाताचा गोळा, रेषेदार मांस या वस्तू बँडपाशी अडतात आणि मग मानेखाली मूठभर जागेत दुखतं, तोंडाला पाणी सुटतं, शेवटी घास उलटून येतो. गंमत पुढे आहे. आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट अडत नाही. मराठी घरात हाच हिशेब मांडला तर भाकरी आणि चिकन त्रास देतील, बासुंदी आणि आमरस वाट काढत सुखरूप खाली जातील. बँडला उष्मांक मोजता येत नाहीत, त्याला फक्त जाडी कळते. ज्याला घट्ट बँडचा त्रास होतो तो नकळत मऊ, गोड, पातळ पदार्थांकडे वळतो, वजनाचा काटा थांबतो आणि तपासणीत त्याच्या नावापुढे ‘पथ्य पाळत नाही’ असा शेरा पडतो.

हा शेरा बँडच्या सगळ्या गोष्टीच्या मध्यभागी आहे. बँडसोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत एक वाक्य हमखास असे: हे केवळ साधन आहे, यश तुमच्यावर अवलंबून आहे. वरवर पाहता किती प्रामाणिक. पण याचा व्यवहारातला अर्थ असा की वजन उतरलं तर श्रेय साधनाला, नाही उतरलं तर दोष माणसाला. 

लठ्ठपणाकडे बघण्याची आपली जुनी खोड इथे उघडी पडते. जाड माणूस म्हणजे तोंडावर ताबा नसलेला माणूस, ही समजूत मुंबईच्या लोकलपासून लंडनच्या टीव्ही स्टुडिओपर्यंत एकच आहे. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या लोकप्रिय निवेदिका फर्न ब्रिटन बारीक झाल्या त्या व्यायाम-आहारासोबत बँडमुळेही, हे उघड झालं तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्यावर फसवणुकीचा आरोप ठेवावा तसा गदारोळ केला. राग कशाचा होता? त्यांनी आरोग्याची काळजी घेतली याचा नक्कीच नव्हता. त्यांनी पुरेसं सोसलं नाही याचा होता. बँड या वृत्तीला सगळ्यात सोयीचा पडला. तो माणसाच्या पोटात बसून रोज त्याला हळू खा, कमी खा असं सांगतो आणि न ऐकल्यास तिथल्या तिथे शिक्षा देतो. घरातली वडीलधारी माणसं जे बोलून सांगतात तेच सिलिकॉनने सांगितलं. म्हणून तो समाजाला पटकन मान्य झाला, आणि रुग्णालाही तो आपल्या दोषावरचा योग्य इलाज वाटला.

शरीराला मात्र हा उपदेश मान्य नव्हता. वजन उतरू लागलं की भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक वाढतं, शरीर ऊर्जा जपून वापरू लागतं आणि जुन्या वजनाकडे परत जाण्याचा जोर धरतं. बायपासमध्ये अन्न लहान आतड्यात लवकर पोचतं आणि तृप्तीची संप्रेरकं भरपूर सुटतात. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि घ्रेलिन तयार करणारा मुख्य भागही त्याबरोबर जातो. म्हणजे या दोन्ही शस्त्रक्रिया भुकेच्या रसायनात हात घालतात. बँड हे करत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की बँड योग्य आवळलेला असेल तर तो अन्न अडवून धरण्यापेक्षा जठराच्या वरच्या भागातल्या मज्जातंतूंना दाबून तृप्तीचा निरोप मेंदूला धाडतो. शोध चांगला होता. तोवर हजारो बँड ‘अडवण्यासाठी’ म्हणून आवळले गेले होते.

स्वीडनमध्ये १९८७ पासून लठ्ठ माणसांचा जो प्रदीर्घ अभ्यास चालला, त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांत ३७६ जण बँडचे होते. पंधरा वर्षांनी बायपासवाल्यांचं वजन मूळ वजनाच्या सुमारे २७ टक्के खाली टिकलेलं होतं, बँडवाल्यांचं सुमारे १३ टक्के. तेरा टक्के थोडे नाहीत. १२० किलोच्या माणसाचे पंधरा किलो, दीड दशक. फक्त आहार आणि सल्ल्यावर राहिलेल्यांचं वजन तेवढ्या काळात जवळपास जिथल्या तिथेच होतं, हेही याच अभ्यासाने सांगितलं. तेव्हा बँड निरुपयोगी होता असं कुणी म्हणू नये.

प्रश्न येतो तो पुढच्या दुरुस्त्यांचा. यात दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. पहिला २०११ चा, ब्रुसेल्समधला, जॅक हिम्पेन्स आणि सहकाऱ्यांचा. १९९४ ते १९९७ या काळात त्यांच्या केंद्रात बँड बसवलेल्या १५१ जणांना त्यांनी बारा वर्षांहून अधिक काळाने गाठायचा प्रयत्न केला, ८२ जण सापडले. जवळपास निम्म्यांचे बँड काढावे लागले होते, साठ टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली होती, आणि २८ टक्क्यांच्या बाबतीत बँड जठराची भिंत कुरतडून आत शिरला होता. ज्या देशात दुर्बिणीचा बँड जन्मला त्याच देशातून हा निकाल आला. दुसरा अहवाल २०१३ चा, मेलबर्नच्या पॉल ओब्रायन यांचा, तीन हजारांहून अधिक रुग्णांचा. पंधरा वर्षांनी जादा वजनापैकी, म्हणजे योग्य वजनाच्या वर जेवढं होतं त्यापैकी, ४७ टक्के उतरलेलं टिकलं होतं. ओब्रायन आणि त्यांची मंडळी याला यश म्हणतात, आणि त्यांचा अभ्यास बँडच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. पण त्याच अहवालात ४३ टक्के रुग्णांना दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागल्याची नोंद आहे. ब्रुसेल्समध्येही उतरलेल्या जादा वजनाचं प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपासच होतं.

म्हणजे आकडे फार लांबचे नाहीत. लांब आहे ती भाषा. ब्रुसेल्सने त्याला अपयश म्हटलं, मेलबर्नने देखभाल म्हटली. ओब्रायन यांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लठ्ठपणा हा जन्माचा आजार आहे, मग त्याच्या उपकरणाला मधूनमधून हात लावावा लागला तर बिघडलं कुठे? पेसमेकरची बॅटरी बदलायला माणूस पुन्हा टेबलावर जातोच, त्याला कुणी फसला म्हणत नाही. शिवाय मेलबर्नच्या केंद्राने शस्त्रक्रियेची पद्धतही सुधारत नेली आणि त्यामुळे बँड सरकण्याचं, जठर त्यातून वर येण्याचं प्रमाण नंतरच्या वर्षांत खूप कमी झालं. हे सगळं खरं. मात्र पेसमेकर बसवताना बॅटरी बदलावी लागेल हे आधी सांगितलेलं असतं, तारीख अंदाजे ठरलेली असते, ते करणारा विभाग त्याच रुग्णालयात असतो. बँडच्या बाबतीत दर दहातल्या चौघांना पुन्हा शस्त्रक्रिया लागेल हे वाक्य पहिल्या भेटीत किती जणांच्या कानावर पडलं असेल? ‘काढता येतो’ हे मात्र सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

आणि ‘काढता येतो’ हेही अर्धंच खरं. बँडभोवती काही महिन्यांत घट्ट व्रणपेशींचं वेष्टण तयार होतं, यकृताची कड त्याला चिकटते. बँड काढल्यावर जठर दिसायला पूर्ववत होतं, पण तिथेच नंतर बायपास किंवा स्लीव्ह करायची तर टाके गळण्याचा धोका पहिल्यांदाच शस्त्रक्रिया होणाऱ्यापेक्षा जास्त असतो, म्हणून अनेक सर्जन आधी बँड काढून काही महिने थांबतात. मधल्या काळात वजन परत येतं. ते तर येणारच. बँडने आजार बरा केलेला नसतो, फक्त धरून ठेवलेला असतो. काढता येणारा इलाज आणि न जाणारा आजार यांची ही जोडी मुळातच विजोड होती.

याचा हिशेब पैशातही मांडला गेला आहे. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विम्यातल्या २५ हजार बँड-रुग्णांची २००६ ते २०१३ मधली बिलं मिशिगनच्या संशोधकांनी तपासली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. बँडसंबंधीच्या शस्त्रक्रियांवर सरकारने या काळात ४७ कोटी डॉलर मोजले होते, त्यातले जवळपास निम्मे पुन्हा कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियांवर. सरते वर्ष २०१३ घेतलं तर हा वाटा तीन चतुर्थांशावर गेला होता. दुरुस्ती लागलेल्या रुग्णाला सरासरी जवळपास चार वेळा हात लावावा लागला होता. स्वस्त म्हणून निवडलेला मार्ग असा हप्त्याहप्त्याने महाग होत गेला.

मग मेलबर्नमध्ये बँड इतका टिकला कसा? उत्तर सिलिकॉनमध्ये नाही, तिथल्या व्यवस्थेत आहे. त्या केंद्रात रुग्णाला वर्षानुवर्षं बोलावून घेणारी माणसं होती, डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ. न्यूयॉर्कच्या एका लहान अभ्यासात २००४ मध्येच दिसलं होतं की पहिल्या वर्षात सहापेक्षा जास्त वेळा तपासायला आलेल्या बँड-रुग्णांचं वजन कमी वेळा आलेल्यांपेक्षा अधिक उतरतं, आणि बायपासच्या रुग्णांत भेटींच्या संख्येने असा फरक पडत नाही. बँड ही वस्तू म्हणून विकली गेली, चालत होती ती मात्र नात्यावर. आणि नातं काही खोक्यात भरून पाठवता येत नाही. स्वस्तात होतं म्हणून हजारो अमेरिकन सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनाला जाऊन बँड घालून आले आणि घरी परतल्यावर पोर्टमध्ये सलाईन भरून देणारा डॉक्टर शोधत फिरले, कारण दुसऱ्याने केलेल्या कामाची जबाबदारी कोण घेईल? दक्षिण कॅलिफोर्नियात रस्तोरस्ती मोठ्या फलकांवरून बँडची जाहिरात चाले. धोके न सांगितल्याबद्दल डिसेंबर २०११ मध्ये औषध प्रशासनाने तिथल्या शस्त्रक्रिया केंद्रांना आणि जाहिरात करणाऱ्या संस्थेला इशारापत्रं धाडली. हमरस्त्यावरचा फलक पाहून फोन लावणाऱ्या माणसाला तपासण्यांचं ते लांबलचक नातं मिळणार होतं कुठून.

उपकरणाचेही मालक बदलत गेले. सगळ्यात प्रसिद्ध बँड इनामेड कंपनीकडून २००६ मध्ये ॲलरगनकडे, २०१३ मध्ये अपोलो एंडोसर्जरीकडे आणि २०१८ च्या अखेरीस रीशेप लाइफसायन्सेसकडे गेला. त्याचा मोठा स्पर्धक, जॉन्सन अँड जॉन्सनच्या घरातला बँड, बाजारातून उठला. रुग्णाच्या पोटात मात्र तोच बँड, तेच पोर्ट. कुठल्या आकाराचा आहे, किती मिलिलिटर भरलेला आहे हे लिहिलेलं कार्ड हरवलं की नवा डॉक्टर चाचपडतो.

भारतात बँड आला, पण रुजला नाही. इथे स्लीव्ह आणि बायपासने बाजी मारली. ऑफिसातून रजा काढून जालन्याहून किंवा सोलापूरहून महिन्या-दोन महिन्यांनी सलाईनसाठी पुण्या-मुंबईला यायचं हे परवडणारं नव्हतंच, शिवाय उपकरणाची किंमत वेगळी. ‘एकदा करून मोकळं व्हा’ या वृत्तीला स्लीव्ह जास्त सोयीची. सप्टेंबर २०११ मध्ये भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन आणि मधुमेहासाठी शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे त्यांनी त्याबद्दल जाहीर भाषणांतूनही मोकळेपणाने सांगितलं, आणि मराठी मध्यमवर्गाला असा इलाज असतो हे घरातल्या गप्पांइतकं ओळखीचं झालं. स्लीव्हचंही सगळं गोड नाही. तीत आम्लपित्ताचा त्रास पुष्कळांना जडतो, काहींचं वजन परततं, आणि कापलेलं जठर परत लावता येत नाही. बँडची पंधरा वर्षं मोजून झाली म्हणून तो पडला. स्लीव्हची मोजणी अजून चालू आहे. ब्रिटनमध्ये तिन्ही शस्त्रक्रियांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेला मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी जादा वजनापैकी निम्मं तरी उतरलेले बायपासमध्ये ६८ टक्के, स्लीव्हमध्ये ४१ टक्के आणि बँडमध्ये २५ टक्के निघाले. भारतातली सगळ्यात लाडकी शस्त्रक्रिया यात मधल्या पायरीवर आहे, हे इथल्या जाहिरातींत सहसा वाचायला मिळत नाही.

कुणाला लठ्ठ म्हणायचं हा प्रश्न इथे बँडच्या इतिहासाला येऊन भिडतो. २०११ मध्ये अमेरिकेने बँडसाठीची बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणाऱ्या निर्देशांकाची, अट ३५ वरून ३० वर आणली, जोडीला एखादा आजार असेल तर. आधार होता सुमारे दीडशे रुग्णांच्या एका वर्षाच्या अभ्यासाचा, आणि कंपनीसाठी कोट्यवधी नवे ग्राहक पात्र ठरले. भारतात ही रेघ मुळातच खाली आहे, आणि तिच्यामागे सज्जड शास्त्र आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार हा भारतीय देह तेव्हापासून जगाच्या वैद्यकात शिरला. म्हणून इथे २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. याज्ञिकांचं निरीक्षण रास्त आहे. पण रेघ खाली येते तेव्हा तिच्यासोबत बाजारही खाली उतरतो, हे बँडने दाखवून दिलं आहे, आणि त्या रेघेवर आता विकायला आलेली वस्तू बँडपेक्षा शतपटीने सोपी आहे.

ती म्हणजे आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन. टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन त्याच वर्षी जूनमध्ये. परिणाम बँडला लाजवणारे आहेत: मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपॅटाइडच्या मोठ्या मात्रेने २० टक्क्यांच्या वर. ही औषधं भुकेच्या रसायनाशीच बोलतात, माणसाला शिक्षा करत नाहीत, आणि लठ्ठपणा हा तोंडावरच्या ताब्याचा प्रश्न नाही हे त्यांनी जितकं ठसवलं तितकं कुठल्या व्याख्यानाने ठसवलं नसेल. पण दवाखान्यात, व्यायामशाळेत, लग्नाच्या हॉलमध्ये कानावर पडणारं वाक्य ओळखीचं आहे: घेऊन तर बघा, नाही पटलं तर बंद करता येतं. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबवलेल्यांवर पुढे वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलेलं होतं.

टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत लहान मात्रेची एक कुपी भारतात आली तेव्हा साडेतीन हजार रुपयांना होती, महिन्याला चार लागतात. किमती उतरतील, पण लग्नाआधी सहा महिने घेऊन सोडून देणाऱ्याने तो पैसा भाड्याने बारीक राहण्यासाठी दिलेला असतो, आणि ते त्याला आधी सांगायला हवं. विम्याचं धोरणही जुन्याच चाकोरीत आहे. आरोग्यविम्याच्या भारतीय नियमांत वजनाची शस्त्रक्रिया मान्य होते ती बीएमआय ४० असेल तर, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार असेल तर. शस्त्रक्रियेचं बिल भरलं जातं. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या तपासण्या, आहारतज्ज्ञाच्या भेटी, रक्तातल्या जीवनसत्त्वांची मोजणी बहुतेक पॉलिसींत रुग्णाच्या खिशातून जाते, आणि खिसा रिकामा झाला की पहिली बंद होते ती तपासणीच. इंजेक्शन लिहून देणारा डॉक्टर तीन वर्षांनी त्या रुग्णाला फोन करील का, औषध थांबवायचं तर ते कशाच्या आधाराने, आणि तो खर्च कोणाच्या खात्यावर पडेल, या प्रश्नांची उत्तरं लिहून मिळाल्याशिवाय पहिली सुई टोचून घेण्याची घाई कशाला करायची?